कुंडलिकेच्या मुखावरचा कोर्लई

१५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला घोडे हवे होते. दख्खनच्या हवेत चांगले लढाऊ घोडे निपजत नसत. ते अरबस्तान आणि इराणमधून समुद्रमार्गे आणावे लागत. त्या व्यापाराचं नाकं असलेलं होर्मुझ बंदर १५१५ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. घोडे विजापूरला आणि विजयनगरला मिळाले आणि आपल्या पागा रिकाम्या राहिल्या, तर राज्य टिकणार नाही, हे निजामशहाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने पोर्तुगीजांशी करार केला. त्यांनी घोडे चौलच्या बंदरात उतरवावेत आणि त्या बदल्यात बंदराच्या तोंडाशी, आज आपण ज्याला रेवदंडा म्हणतो तिथे, वखार आणि कोट बांधावा.

या कराराचे जे बरेवाईट परिणाम झाले, त्यांचा सर्वांत ठळक साक्षीदार रेवदंड्याच्या समोरच उभा आहे. कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते तिथे दक्षिणेकडून जमिनीची एक चिंचोळी पट्टी पाण्यात घुसली आहे आणि त्या पट्टीच्या टोकाला मगरीच्या पाठीसारखी लांबट टेकडी आहे. टेकडीवर कोर्लईचा किल्ला आहे. बहुतेक लोक त्याला पोर्तुगीज किल्ला म्हणतात, आणि त्यात चूक काहीच नाही. आज दिसणारं बरंचसं बांधकाम पोर्तुगीजांचंच आहे. पण छत्रपती संभाजीनगरहून कोकणात उतरणाऱ्या माणसाने हा किल्ला दौलताबादच्या गोतावळ्यातला म्हणून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. या टेकडीवर पहिला किल्ला उभारला तो निजामशाहीने, आणि त्या वेळी आपला देवगिरी-दौलताबाद निजामशाहीतच होता. अहमद निजामशहाने तो १४९९ साली घेतला होता. म्हणजे घाटावरचा देवगिरी आणि खाडीवरचा कोर्लई ही काही काळ एकाच राज्याची दोन टोकं होती.

मुळात चौल आणि आपला प्रदेश यांचं नातं निजामशाहीपेक्षा कितीतरी जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठण आणि तेर या दख्खनच्या बाजारपेठांची नोंद आहे, आणि त्याच ग्रंथात 'सेमिल्ला' या नावाने चौलही येतं. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या लेखांत चौलहून आलेल्या दानकर्त्यांचे उल्लेख आहेत. सातवाहनांची राजधानी पैठण, तिथून जुन्नर, नाणेघाट, आणि घाट उतरलं की सोपारा, कल्याण, चौल. पैठणचा माल या वाटेने समुद्राला लागायचा. दहाव्या शतकात अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला, आणि त्याच्याबरोबर काय होतं? एक घोडा. तो विकून नफा कमवावा या आशेने तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला. एका घोड्यासाठी माणूस एवढा जीव टांगणीला लावत होता, यावरून त्या जनावराची दख्खनमधली किंमत कळते. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात या निकितीनचं स्मारक आहे. जाता जाता अवश्य पाहावं.

पण या कराराच्या आधी पोर्तुगीजांना याच नदीच्या मुखाशी एक मोठी जखम सोसावी लागली होती. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आणि गुजरातच्या सुलतानाचं आरमार मलिक अयाझच्या हाताखाली एकत्र आलं आणि त्यांनी कुंडलिकेच्या मुखात नांगरलेल्या पोर्तुगीज ताफ्यावर हल्ला चढवला. पोर्तुगीजांचा सेनानी होता लोरेन्सू द आल्मेइदा, भारतातल्या पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. माघार घेताना त्याच्या जहाजात पाणी शिरलं आणि ते मासेमारीसाठी पात्रात रोवलेल्या खांबांत अडकलं. लोरेन्सू तिथेच मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांनी सोसलेला हा पहिला मोठा आरमारी पराभव. पुढच्याच वर्षी बापाने दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला आणि त्यानंतर बराच काळ पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांना तोडीस तोड आरमार उरलं नाही. कोळ्यांचे खांब आजही खाडीच्या पाण्यात दिसतात. किल्ल्यावरून ते पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. नदीचं मुख हे बाहेरून येणाऱ्या जहाजाला आसरा देतं, तसंच त्याला कोंडीतही पकडतं. तिथली वाळू, ओहोटी, खडक आणि खांब ज्याला माहीत, त्याचाच तिथे वरचष्मा राहतो.

पोर्तुगीजांचं समुद्रावरचं राज्य जमिनीवरच्या राज्यासारखं नव्हतं. त्यांना प्रदेश फारसा नको होता. त्यांना हवी होती बंदरांची तोंडं. प्रत्येक व्यापारी जहाजाने त्यांच्याकडून 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यावा, ठरलेल्या बंदरात जकात भरावी, नाहीतर जहाज लुटलं जाईल, अशी त्यांची पद्धत. हा धाक चालवायला नदीच्या मुखाशी एक कोट, त्यात तोफा आणि दोनचार लढाऊ जहाजं पुरत. गोव्यात मांडवीच्या मुखावर रेइश मागूश, दमणला दमणगंगेच्या काठी कोट, वसईला उल्हासच्या खाडीवर कोट आणि चौलला कुंडलिकेच्या मुखावर रेवदंडा. नकाशावर ही सगळी ठिकाणं एकापाठोपाठ एक पाहिली की पोर्तुगीजांचा हिशेब लगेच उलगडतो.

निजामशहांनाही तो उलगडला, पण उशिरा. १५७० मध्ये दक्षिणेतल्या सत्तांनी मिळून पोर्तुगीजांना उखडायचं ठरवलं. विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्यावर जायचं, कालिकतच्या सामुद्रीने मलबारात आघाडी उघडायची आणि मुर्तजा निजामशहाने चौल घ्यायचं. निजामशहाच्या फौजेने रेवदंड्याला महिनोन्‌महिने वेढा घातला. तोफांनी तट फोडले, घराघरांतून लढाई झाली, पण समुद्राची बाजू मोकळी होती. गोव्याहून जहाजं येत राहिली. माणसं, दारूगोळा आणि धान्य उतरत राहिलं. १५७१ मध्ये वेढा उठला. ज्याच्याकडे आरमार नाही त्याने समुद्रकाठचा कोट जमिनीवरून घेणं किती कठीण, याचा हा धडा होता. तोच धडा पुढे जंजिऱ्यासमोर मराठ्यांनाही पुन्हा पुन्हा मिळाला.

याच मुर्तजा निजामशहाच्या दरबारात चंगेजखान नावाचा हबशी वजीर होता. त्याने एक तरुण हबशी गुलाम विकत घेतला. तो गुलाम म्हणजे मलिक अंबर, ज्याने १६१० मध्ये खडकी वसवली आणि जमिनीखालून नहरी आणून तिला पाणी पाजलं. आपलं छत्रपती संभाजीनगर ते हेच. अंबरला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दख्खनमध्ये आणलं ते समुद्रमार्गानेच. कोकणातल्या बंदरांचा आणि आपल्या शहराच्या जन्माचा संबंध असा थेट आहे.

रेवदंडा हाती लागत नाही म्हटल्यावर निजामशाहीच्या डोळ्यांत समोरची टेकडी भरली. रेवदंड्याचा कोट सपाट जमिनीवर, पाण्याच्या पातळीला आहे. पलीकडची टेकडी नव्वदेक मीटर उंच आहे. त्या माथ्यावर तोफा चढवल्या की खाली येणारंजाणारं प्रत्येक जहाज आणि समोरचा अख्खा कोट माऱ्यात येतो. पोर्तुगीजांनाही हे कळत होतं. म्हणून टेकडी दोघांपैकी कुणीच बांधून काढू नये, असा समझोता बराच काळ टिकला होता. १५९२ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने तो मोडला आणि कोर्लईवर किल्ला उभारला. तिथून रेवदंड्यावर तोफा धडाडू लागल्या.

दोन वर्षांनी, १५९४ च्या पावसाळ्याअखेरीस, पोर्तुगीजांनी उलट घाव घातला. आल्वारो द आब्रांचिश या सेनानीच्या हाताखाली सुमारे १,५०० पोर्तुगीज आणि जवळपास तितकेच स्थानिक शिपाई नदी ओलांडून टेकडीवर चालून गेले. पोर्तुगीज वृत्तान्तांत या लढाईतला एक प्रसंग येतो. माघारी पळणाऱ्या निजामशाही फौजेचा एक हत्ती दरवाजातच कोसळला आणि त्याच्या धुडामुळे दरवाजा लावता येईना. हल्लेखोर त्याच वाटेने आत घुसले. किल्लेदार फर्हादखान पकडला गेला. किल्ला परत घ्यायला अहमदनगरला उसंतच मिळाली नाही. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, वारसाहक्काची भांडणं पेटली, मुघल फौजा अहमदनगरच्या तटाला भिडल्या आणि चांदबिबीला राजधानीच वाचवायची वेळ आली. कोर्लई पोर्तुगीजांकडे राहिला तो त्यामुळे. एवढा मोठा किल्ला सांभाळायला माणसं नसल्यामुळे त्यांनी सुरुवातीला बाहेरचं बांधकाम पाडून टाकलं आणि मोक्याचे भागच राखले. पुढे सतराव्या शतकात तो आपल्या पद्धतीने बांधून काढला.

ही पद्धत समजून घेतली की किल्ल्यावरचं फिरणं वेगळंच होतं. किल्ला प्रचंड लांब आहे, जवळजवळ ८६० मीटर, आणि सरासरी रुंदी मात्र जेमतेम २७ मीटर. टेकडीचा माथाच तसा आहे. बांधणाऱ्याने टेकडीचा आकार जसाच्या तसा स्वीकारला. आता अडचण अशी की एवढ्या लांबलचक तटाच्या एका टोकाला शत्रू चढला तर संपूर्ण किल्ला त्याच्या हाती जायचा. म्हणून मध्ये आडव्या भिंती घालून किल्ल्याचे तीन भाग केले. प्रत्येक आडव्या भिंतीला स्वतःचे बुरूज आणि दरवाजे दिले. एक भाग पडला तर मागच्या भागात जायचं, दरवाजा लावायचा आणि पुन्हा लढायचं. चालताना एकामागून एक इतके दरवाजे का लागतात, याचं उत्तर हे आहे. बाहेरचे चार आणि आतले सात अशी अकरा दरवाजांची नोंद जुन्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये आहे. एका दरवाजावर पोर्तुगीज भाषेत 'लढल्याशिवाय प्रवेश नाही' या अर्थाचा लेख होता, अशीही नोंद सापडते.

दौलताबादची आठवण इथे हटकून येते, कारण दोन्ही किल्ल्यांपुढचा प्रश्न एकच होता आणि उत्तरं अगदी उलट आहेत. दौलताबादमध्ये डोंगराचा कडा तासून उभा केला, खंदक खोदला, आत शिरायला अंधारीचा एकच वाकडातिकडा मार्ग ठेवला. शत्रूला गोंधळात पाडायचं, दमवायचं, अडकवायचं. उंचीवर आणि भुलभुलैयावर तो किल्ला विसंबून आहे. कोर्लईचा तट मात्र अनेक ठिकाणी छातीएवढाच उंच आहे. इतक्या ठेंगण्या भिंतीने काय होणार, असं वाटतं. पण ती भिंत माणूस अडवायला बांधलेलीच नाही, ती तोफ ठेवायला बांधलेली आहे. तोफेसाठी ठेवलेल्या खाचा तटभर ओळीने आहेत, गॅझेटिअरच्या हिशेबाने तीनशेच्या वर. पुढे आलेले कोनाकोनांचे बुरूज अशा बेताने बसवले आहेत की एका बुरुजाच्या पायथ्याशी आलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून टिपता यावा. उंच, सरळ भिंत तोफगोळ्याने ढासळते. ठेंगणी आणि जाड भिंत गोळा पचवते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीत हे शास्त्र पक्कं झालं आणि पोर्तुगीजांनी ते ब्राझीलपासून मलाक्कापर्यंत नेलं. काही बुरुजांवर अजून लोखंडी तोफा पडून आहेत. त्यांच्या तोंडाच्या दिशेने पाहिलं की नेमकं कोणतं पाणी राखायचं होतं ते दिसतं.

माथ्यावर छप्पर नसलेलं चर्च आहे. कमान आणि वेदीची जागा ओळखू येते. कोरीव राजचिन्हं आणि लेख असलेले दगडही आहेत. चर्चपासून थोड्याच अंतरावर महादेवाचं लहान मंदिर आणि तुळशीवृंदावन आहे, आणि जवळच गोड्या पाण्याची सोय. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या टेकडीवर साठवलेलं पावसाचं पाणी हाच किल्ल्याचा प्राण होता. नहर-ए-अंबरीच्या शहरातून आलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उत्तरेकडच्या उतारावरून तट थेट खाली उतरत जातो आणि नदीच्या मुखाशी असलेल्या बुरुजापाशी थांबतो. तिथपर्यंत बरेच जण जात नाहीत, कारण परत चढावं लागतं. माझ्या मते किल्ल्याचा सर्वांत अर्थपूर्ण कोपरा तोच. डाव्या हाताला खुला समुद्र, उजव्या हाताला खाडी, साळावचा पूल, पलीकडच्या कारखान्याच्या जेट्टीकडे जाणारे बार्ज आणि अगदी समोर नारळी-पोफळीत बुडालेला रेवदंडा. मधलं पाणी इतकं अरुंद आहे की १५९२ मध्ये रेवदंड्यातल्या माणसांच्या छातीत धडकी का भरली असेल, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

ज्यांचं नाव आज आपलं शहर मिरवतं, त्या संभाजी महाराजांचाही या मुखाशी संबंध आला. औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दख्खनमध्ये उतरला आणि १६८२ मध्ये त्याने आपल्याच शहरात तळ ठोकला. महाराज एकाच वेळी मुघल, जंजिऱ्याचे सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजत होते. पोर्तुगीजांशी बिनसलं त्याची कारणं समुद्रावरचीच होती. अंजदीव बेट बांधून काढण्याचा मराठ्यांचा प्रयत्न पोर्तुगीजांनी हाणून पाडला, आणि मुघलांच्या रसदेला ते वाट देत होते. १६८३ मध्ये महाराजांच्या आज्ञेवरून पेशवे निळो मोरेश्वर पिंगळे यांनी रेवदंड्याला वेढा घातला. चौलवरचा दाब सैल करावा म्हणून व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर स्वारी केली. तिथे महाराज स्वतः धावून आले, व्हाइसरॉयला जीव मुठीत धरून गोव्याला परतावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये मराठे मांडवीतल्या सांत इस्तेव बेटावर उतरले. भेदरलेल्या व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवून त्यालाच गोवा राखायची विनवणी केली. तेवढ्यात शाहआलमची मुघल फौज कोकणात उतरत असल्याने महाराजांना आवरतं घ्यावं लागलं. रेवदंडा आणि कोर्लई त्या वेळी पडले नाहीत. पण ज्या मोहिमेने गोव्याचं आसन डळमळलं, तिची एक बाजू या नदीच्या मुखाशी लढली जात होती, हे विसरता कामा नये. ज्या शहरातून औरंगजेब महाराजांविरुद्धच्या मोहिमा चालवत होता, ते शहर २०२३ पासून अधिकृतपणे महाराजांच्या नावाने ओळखलं जातं.

कोर्लई मराठ्यांकडे आला तो पुढच्या पिढ्यांमध्ये. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातलं पोर्तुगीज राज्य कोसळलं. सुभानराव माणकरांनी कोर्लईभोवती फास आवळला आणि १७४० च्या तहात चौल व कोर्लई मराठ्यांना मिळाले. संतांची नावं असलेल्या बुरुजांना मराठ्यांनी आपली नावं दिली, सां दियागोचा गणेश बुरूज झाला. १८१८ नंतर इंग्रज आले, आणि तोवर या मुखाचं महत्त्व मुंबईने केव्हाच खेचून नेलं होतं. किल्ला ओस पडला.

गाव मात्र ओस पडलं नाही, आणि इथे कोर्लईच्या कहाणीत असं काही येतं जे दुसऱ्या कुठल्या किल्ल्याच्या वाट्याला क्वचितच आलं असेल. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांचे अधिकारी, पाद्री आणि व्यापारी गोव्याकडे निघून गेले. मागे उरली ती गरीब, इथलीच, धर्मांतर केलेली माणसं. ती किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लईत एकवटली. आजूबाजूच्या हिंदू गावांपासून त्यांना धर्माने वेगळं केलं होतं आणि इतर ख्रिस्ती वस्त्यांपासून अंतराने. सोयरिकी आपापसातच होत राहिल्या. त्यामुळे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसर्गातून तयार झालेली त्यांची बोली तशीच चालत राहिली. गावकरी तिला 'नौ लिंग' किंवा 'क्रिस्ती' म्हणतात. राज्यकर्ते गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ही बोली घरात, होडीवर, चर्चबाहेरच्या अंगणात बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास आहेत.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून कळतं ते असं. शब्दांचा मोठा साठा पोर्तुगीजचा आहे, पण वाक्याची ठेवण हळूहळू मराठीच्या वळणाला गेली. क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी येऊ लागलं. मराठीतून उचललेल्या क्रियापदांसाठी तर बोलीने एक स्वतंत्र, चौथा वर्गच तयार केला. पोर्तुगीजकडून आलेले तीन आधी होतेच. म्हणजे ही मोडकी पोर्तुगीज नव्हे आणि भेसळीची मराठीही नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. तुलनेला वसईचं उदाहरण आहे. तिथला ख्रिस्ती समाज कोर्लईपेक्षा कितीतरी मोठा, पण तिथे घरोघरी टिकल्या त्या मराठीच्याच बोली. कोर्लईत उलटं घडलं. लहान, बाजूला पडलेल्या वस्तीने ती बोली जपली.

आता ते बाजूला पडणं संपलं आहे. साळावचा पूल झाला, रस्ता झाला, मुलं मराठी आणि इंग्रजी शाळेत जातात, तरुण मुंबईला नोकरी करतात. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर बोली बोलायच्या जागा घटतात. तटाचे दगड आणखी दोनशे वर्षं राहतील. बोलीला एवढी मुदत नाही. म्हणून किल्ल्याच्या डागडुजीइतकीच या बोलीतली गाणी, म्हणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची गरज आहे, आणि त्यात मराठी विद्यापीठांनी पुढे यायला हवं. ज्या बोलीच्या घडणीत मराठीचा एवढा हात आहे, तिच्याबद्दल आस्था बाहेरच्यांनीच का बाळगावी?

नदीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण किल्ल्यावरून दिसणारं पाणी पूर्वीचं राहिलेलं नाही. कुंडलिका सह्याद्रीत भिऱ्याच्या परिसरात उगम पावते. कोकणातल्या बहुतेक आखूड नद्यांप्रमाणे तीही पावसाळ्यानंतर आटायला हवी. पण मुळशी धरणात अडवलेलं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून जवळजवळ पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. १९२७ मध्ये टाटांचं हे वीजघर सुरू झालं. वीज करून झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं. मुळा नदीचं हे पाणी एरवी भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आता ते कोर्लईपाशी अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला भर उन्हाळ्यात लोक राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर मुळशी सत्याग्रह लढवला. मराठवाड्याच्या कोरड्या भागातून आलेल्या माणसाने कुंडलिकेच्या भरल्या पात्राकडे पाहताना या गोष्टीचीही आठवण ठेवावी. पाण्याचा मार्ग बदलला की कुणाचं तरी गाव बुडालेलं असतं.

संभाजीनगरहून कोर्लईला गाडीने अहिल्यानगर, पुणे, खोपोली, पेण, अलिबाग असा सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास पडतो. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट करू नये. रेल्वेने मुंबईला गेलात तर गेटवेहून मांडव्याची बोट आणि अलिबागहून मुरूडकडची एसटी हा मार्ग स्वस्तही आहे आणि सुखाचाही. फक्त पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसात किल्ल्यावर झाडोरा माजतो आणि पायऱ्या निसरड्या होतात. दीपगृहाकडून पायऱ्यांची वाट सोपी आहे, पण गावाकडून टेकडीच्या कुशीतून जाणारी वाट घेतली तर दरवाजांचा क्रम नीट कळतो. एका वाटेने चढून दुसरीने उतरणं हेच बरं. माथ्यावर सावली नाही आणि खाण्यापिण्याचं दुकानही नाही, तेव्हा पाणी सोबत असू द्या.

रेवदंडा मात्र आधी पाहा. कोटाच्या तटातून आजचा रस्ता आरपार जातो, पोफळीच्या वाड्यांमध्ये पडकी चर्चं उभी आहेत आणि सातखणी म्हणवणाऱ्या मनोऱ्याचे उरलेले मजले दिसतात. तिथून समोरची टेकडी डोळ्यांत साठवून मग पूल ओलांडा. गावात शिरल्यावर गाडीतून सरळ किल्ल्याकडे धावू नका. माउंट कार्मेलच्या चर्चपाशी थांबा, सुकत घातलेल्या मासळीजवळ बसलेल्या बायकांना नमस्कार करा, त्यांच्या बोलीबद्दल आदराने विचारा. त्यांना बोलावंसं वाटलं तर ऐका. न विचारता कॅमेरा पुढे करू नका. किल्ल्यावर दगड हलवू नका, भिंतीवर नाव कोरू नका, प्लॅस्टिक खाली घेऊन या. आणि घरी परतल्यावर मुलांना एकदा दौलताबादला न्या. कोर्लईच्या टेकडीवर पहिला किल्ला बांधणारे निजामशहा ज्या किल्ल्याचे धनी होते, तो आपल्या शहरापासून अर्ध्या तासावर आहे.